पाय सुजला तरी ‘छी’, देश खचला तरी ‘छी’

माणूस आजारी का पडतो? वाईट छी अंगात शिरली म्हणून. देश का खचतो? त्याची मूळ छी भरून येत नाही म्हणून. थोर पुरुष जन्मला तर तीही एक दुर्मीळ छी, आणि सकाळी उठून पाहावं तो पाय सुजलेला, तर ती दमट छी. येन फू या चिनी विद्वानाने १९०८ साली तिएनचिनमध्ये बसून आपल्या जुन्या पंडितांची अशी थट्टा केली. (‘छी’ म्हणजे श्वास, वाफ, प्राण, चैतन्य, यांपैकी प्रसंगाला जे लागू पडेल ते. आपल्या नाक मुरडण्याच्या ‘छी’शी तिचं नातं नाही.) असे शब्द घेऊन काटेकोर शास्त्र करायला बसलो तर जमेल का, असा त्याचा सवाल होता.

ही थट्टा जेव्हन्स या इंग्रज लेखकाच्या तर्कशास्त्राच्या छोट्या प्राथमिक पुस्तकाच्या भाषांतरात आहे. येन फूने मुद्दे जेव्हन्सचे ठेवले आणि उदाहरणं बरीचशी स्वतःच्या घरातली घातली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पाश्चात्त्य तर्कशास्त्र चीनमध्ये कसं पोहोचलं, यावर जो वाद आजही चालतो, त्यात नेमकी हीच गोष्ट मागे पडते.

त्या वादातला एक पक्ष म्हणतो, चीनकडे तर्कशास्त्र नव्हतंच. चिनी भाषेला आणि चिनी मनाला ते मानवतच नाही. दुसरा पक्ष म्हणतो, आमच्याकडे ते दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच होतं, तुम्हाला दिसलं नाही इतकंच. मला हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. तर्कशास्त्र म्हणजे जमीनजुमला आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं एवढाच प्रश्न, असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. जमीन कसली कुणी, हे कुणी विचारत नाही.

पहिल्या पक्षाचं म्हणणं टिकत नाही, हे दाखवायला एक माणूस पुरे. शू ग्वांगछी हा मिंग दरबारातला विद्वान. मातेओ रिची या, जेझुइट नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या इटालियन मिशनऱ्याबरोबर बसून त्याने युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं चिनीत आणली. १६०७ साली ती छापून झाली. (चीनला जाण्याआधी रिची १५७८ ते १५८२ या काळात गोव्यात आणि कोचीनला होता. हे ज्ञान आपल्या अंगणातून पुढे गेलं.) व्याख्या, गृहीतकं, त्यांतून एकेक पायरी चढत जाणारी सिद्धता हा प्रकार शूला परका वाटला असेलही, पण तो त्यावर खूश झाला. या पुस्तकाबाबत चार गोष्टींची गरज नाही, असं त्याने लिहून ठेवलं: शंका घ्यायची गरज नाही, अंदाज बांधायची नाही, पडताळून पाहायची नाही, बदल करायची नाही. शंभर वर्षांनी सगळेच हे शिकतील आणि आपण उशीर केला असं म्हणतील, असंही त्याला वाटत होतं. अंदाज चुकला. उरलेली नऊ पुस्तकं चिनीत यायला १८५७ साल उजाडलं.

मग मन तयार असताना शास्त्र का रुजलं नाही?

शूचा मित्र ली चित्साओ हांगचौचा. उतारवयात तो आपल्या गावी परतला आणि फ्रान्सिस्को फुर्तादो या पोर्तुगीज जेझुइटाबरोबर एका अवघड कामाला लागला. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथल्या जेझुइट प्राध्यापकांनी ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावर लिहिलेली लॅटिन टीका १६०६ साली प्रसिद्ध झाली होती. ती चिनीत आणायची होती. ‘मिंगलीथान’ हे त्यांनी ग्रंथाला दिलेलं नाव, म्हणजे ढोबळमानाने ‘नाम आणि तत्त्व यांचा शोध’. जाती, उपजाती, व्यवच्छेदक लक्षण अशा कल्पनांना चिनीत शब्द नव्हते. लीने एकेक अक्षर निवडून ते बसवले. १६३० साली तो वारला. त्याच सुमारास ग्रंथ छापला जाऊ लागला, तो फक्त पहिला भाग: पाच सामान्यं आणि दहा पदार्थ. म्हणजे नावांचं वर्गीकरण आलं. विधानं आणि त्यांतून निघणारं अनुमान हा जो तर्कशास्त्राचा गाभा, तो छापला गेलाच नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकातली सामानाची यादी छापावी आणि कृती राहून जावी, तसं झालं. हे पुस्तक उघडणाऱ्या चिनी वाचकाला हे नेमकं कशासाठी, हे कळायला मार्गच नव्हता. त्यातून ते आलेलं जेझुइटांच्या सगळ्या लवाजम्यासकट. तर्काच्या या जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांचा देव उभा होता आणि वाचकाला ते दिसत होतं.

अनुमानाचा भाग पुढे आला, पण फार वेगळ्या दारातून. फेर्डिनांड व्हर्बिस्ट हा बेल्जियन जेझुइट बीजिंगच्या दरबारी खगोलवेत्ता होता. त्याने १६८३ साली सम्राट कांगशीपुढे साठ खंडांचा एक संग्रह ठेवला, ‘छ्योंगलीश्वे’, म्हणजे तत्त्वाच्या मुळाशी जाण्याची विद्या. त्यात ॲरिस्टॉटलचं संवाक्यही होतं. सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य, ते. हे छापून देशभर पसरवावं, अशी व्हर्बिस्टची इच्छा होती. सम्राटाने ते नाकारलं: भाषा विपर्यस्त आहे, अर्थ लागत नाही. ज्ञान आणि स्मृती मेंदूत असतात हे त्यातलं विधानही दरबारात खटकलं होतं, कारण चिनी परंपरेत ते काम हृदयाचं.

आता हाच कांगशी पुढे काही वर्षांत फ्रेंच जेझुइटांकडून भूमिती शिकला, आवडीने शिकला. म्हणजे युरोपीय विद्येशी त्याचं वैर नव्हतं. भूमितीने जमीन मोजता येत होती, खगोलाने पंचांग सुधारता येत होतं. तर्कशास्त्राने काय करायचं? सरकारी परीक्षेत तर त्याला जागाच नव्हती. तिथे कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चार ग्रंथ आणि त्यांवरची चू शी या जुन्या पंडिताची टीका ही ठरलेली आधारविधानं होती. उमेदवाराने त्यांच्या चौकटीत आठ पायांचा म्हणतात तो निबंध रचायचा. तो बांधेसूद असे, शिस्तीत असे. विचारशक्ती तिथे भरपूर राबत होती. ती कुठून सुरुवात करते, हे तपासायची मुभा तेवढी नव्हती.

पुढची दोनशे वर्षं मी एका वाक्यात उरकतो, कारण या बाबतीत फारसं काही घडलं नाही. १८८६ साली जोसेफ एडकिन्स या मिशनऱ्याने केलेलं जेव्हन्सचं भाषांतर चीनच्या जकात खात्यातर्फे प्रसिद्ध झालं (जकात खात्याने तर्कशास्त्राचं पुस्तक काढावं, हे त्या काळच्या चीनमध्येच शक्य), आणि तेही फार कुणी वाचलं नाही.

मग १८९५ उजाडलं. जपानने चीनचा पराभव केला. पाश्चात्त्यांकडून हरण्याची सवय झाली होती. जपानकडून हरणं वेगळं होतं. येन फू हा फूचौच्या गोदीतल्या शाळेत नौकानयन शिकलेला, १८७७ ते १८७९ इंग्लंडमध्ये ग्रिनिचला राहून आलेला. त्याच्याबरोबर शिकलेले अधिकारी या युद्धात मेले. पदवीच्या परीक्षेत तो स्वतः चार वेळा नापास झाला होता, म्हणजे त्या आठ पायांच्या निबंधाशी त्याची ओळख जवळची होती. पराभवानंतर त्याने जो प्रश्न विचारला तो तोफांचा नव्हता. यांची विचार करण्याची रीत काय आहे, असा होता. त्यातून हक्स्लीचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८९८ साली चिनीत आलं, आणि १९०० साली बॉक्सर बंडाच्या धामधुमीत तिएनचिन सोडून शांघायला आल्यावर त्याने जॉन स्टुअर्ट मिलचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ हाती घेतला. शांघायमध्ये तर्कशास्त्राचं मंडळ काढून व्याख्यानंही दिली.

मिलच्या भाषांतराला जोडलेल्या टिपांमध्ये येन फूने एक विचार मांडला आहे, आणि या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाक्य मला तेच वाटतं. त्याचा आशय असा: आपल्या जुन्या विद्येचा उपयोग झाला नाही, तो तिच्यात निगमन (मान्य विधानांवरून निष्कर्ष काढणं) नव्हतं म्हणून नव्हे. निगमन होतं आणि ते नियमाप्रमाणेच होत होतं. पण ज्या विधानांवर ते उभं होतं ती बहुतेक मनानेच घडवलेली होती. ती खरी आहेत का, हे कुणी पाहिलं नाही.

हे वाक्य दोन्ही भावांना निरुत्तर करतं. चिनी माणसाला तर्क येत नाही म्हणणाऱ्याला येन फू सांगतो, येतो, उत्तम येतो. आमच्याकडे होतंच म्हणणाऱ्याला सांगतो, होतं, पण काय कामाचं? सगळे राजहंस पांढरे, हे आधी मान्य केलं की पुढचा हिशेब शाळकरी पोरही करील. प्रश्न तळ्यावर जाऊन हंस बघण्याचा आहे. म्हणून त्याला ॲरिस्टॉटलपेक्षा मिल जवळचा वाटला, निगमनापेक्षा विगमन, म्हणजे उदाहरणं पाहून नियम काढणं. शू ग्वांगछीला युक्लिडमध्ये जे आवडलं, शंका नको, पडताळणी नको, त्याच्या बरोबर उलट टोकाला येन फू उभा आहे. मधल्या तीनशे वर्षांत चीनची गरज बदलली होती.

गंमत अशी, की ‘आमच्याकडे होतंच’ हा मोह येन फूलाही आवरला नाही. हक्स्लीच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत तो लिहितो, की ‘यिचिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ म्हणजे निगमन आणि ‘छुनछ्यू’ ही कन्फ्यूशियसची बखर म्हणजे विगमन. हे ओढूनताणून आहे. पण त्याच प्रस्तावनेत तो बजावतोही: त्यांनी जे शोधलं ते सगळं आमच्या भूमीत आधीच होतं, किंबहुना ते पूर्वेकडूनच तिकडे गेलं, असं म्हणणं खरं नाही, त्यातून आपण आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो. पूर्वजांनी आरंभ केला, वंशजांना तो तडीस नेता आला नाही, हे त्याचं निदान. चटका लावतं ते.

लियांग छिछाओची कथाही तीच. सुधारणावादी पत्रकार, विलक्षण प्रभावी लेखणी. १९०४ साली त्याने मोत्झ या प्राचीन विचारवंताच्या तर्कशास्त्रावर लेख लिहिला. सुरुवातीलाच म्हणतो, पाश्चात्त्यांकडची प्रत्येक विद्या नटवून-सजवून आमच्या पूर्वजांच्या नावावर खपवणं ही पूर्वजांची बदनामी आहे आणि देशाला आत्मवंचनेची सवय लावणं आहे. एवढं स्वच्छ बोलून झाल्यावर मोत्झच्या ग्रंथातली अक्षरं एकेक करून पाश्चात्त्य तर्कशास्त्राच्या खणांत बसवायला घेतो: हे म्हणजे विधान, हे म्हणजे आधारविधान.

मोत्झमध्ये तर्कशास्त्र शोधण्याच्या या सूचनेचं मूळ सात वर्षं आधीचं. मोत्झच्या ग्रंथावर सुन यिरांगने अपार कष्ट घेतले होते. शतकानुशतकं कुणी हात न लावल्याने पाठ इतका भ्रष्ट झाला होता की वाक्यं कुठे तुटतात हेही कळेना. १८९७ साली त्याने लियांगला पत्र लिहून कळवलं, की यात ॲरिस्टॉटलचं निगमन, बेकनचं विगमन आणि बौद्धांची हेतुविद्या, म्हणजे तर्कविद्या, यांच्या तोडीचं काहीतरी दडलेलं असणार. या अभिमानाचं ऋण मान्य करायला हवं. परक्याच्या आरशात आपला चेहरा दिसला नसता, तर मोत्झचे ते अध्याय अजून कदाचित धूळ खात पडले असते.

पण मग सापडलं काय? मोत्झच्या अनुयायांनी लिहिलेल्या एका अध्यायात म्हटलंय: तिचा धाकटा भाऊ देखणा आहे, पण ती भावावर प्रेम करते म्हणजे देखण्या पुरुषावर प्रेम करते, असं होत नाही. पांढरा घोडा घोडा आहे, पांढऱ्या घोड्यावर बसणं म्हणजे घोड्यावर बसणं, इथे साचा चालतो. भावाच्या वाक्यात तोच साचा मोडतो. हे लोक तपासत होते, एकसारखी दिसणारी वाक्यं नेमकी कुठे एकसारखी वागत नाहीत ते. हे अतिशय तल्लख काम आहे, आणि ते संवाक्य नाही. त्याला संवाक्याच्या खणात कोंबलं की त्यातलं खास तेच गळून पडतं. दरोडेखोराला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे, असंही याच अध्यायात आहे. या विधानावर भांडायला केवढा वाव होता! विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभ्यासकांनी त्यावर भांडण्यापेक्षा त्याला कोणतं ग्रीक लेबल लावावं यावर जास्त शाई खर्च केली.

आपल्यालाही इथे मान ताठ करून बसता येणार नाही, कारण या खटल्यात एक पुरावा आपल्या गावचा आहे. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात भारतातून परत गेल्यावर दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताच्या परंपरेतले हेतुविद्येचे दोन लहान ग्रंथ चिनीत आणले. महाराष्ट्राचं वर्णन करताना तो डोंगरातल्या एका मोठ्या विहाराविषयी सांगतो: दाराच्या दोन बाजूंना दोन दगडी हत्ती आहेत, आणि दिङ्नाग पूर्वी इथे पुष्कळदा राहत असे. हा विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या वाटेवरचे ते हत्ती पर्यटक आजही कुरवाळतात. शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण केला जातो, जसा घट. प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त. ही मांडणी चीनमध्ये काही पिढ्या शिकली गेली आणि मग विसरली गेली. ह्युएनत्संगाचा शिष्य ख्वेची याची मोठी टीका तर चीनमधून नाहीशीच झाली. ती जपानात टिकली होती. नानचिंगमध्ये बौद्ध ग्रंथ छापणाऱ्या यांग वनह्वेने नानजो बुन्यू या जपानी मित्राकडून ती मिळवली आणि १८९६ साली पुन्हा छापली. मिल आणि दिङ्नाग असे चिनी वाचकाच्या हातात जवळजवळ एकाच दशकात आले.

चांग बिंगलिन हा क्रांतिकारक शांघायच्या तुरुंगात बौद्ध ग्रंथ वाचत बसला होता. पुढे १९०९ च्या एका निबंधात त्याने ग्रीक, भारतीय आणि मोत्झची अशा तिन्ही पद्धती शेजारी ठेवल्या आणि भारतीय पद्धतीला झुकतं माप दिलं: ग्रीक आणि मोत्झ सर्वव्यापी नियम आधीच मांडून टाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष उदाहरण दाखवायला जागाच उरत नाही, भारतीयांकडे ती आहे. हे वाचून माझीही छाती क्षणभर फुगली, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, की स्वयंपाकघरातला धूर आणि डोंगरावरचा अग्नी हे उदाहरण आपण शतकानुशतकं तेच ते वापरत आलो. नवीन डोंगर किती चढलो? येन फूच्याच पिढीतले आणि त्याच्यासारखेच मिल-स्पेन्सर वाचणारे आगरकर इथे आठवतात. तर्क घरच्या गृहीतकांवर चालवला की काय मिळतं, तर जिवंतपणी आपलीच प्रेतयात्रा बघायला मिळते.

शब्दांचंही बोलायला हवं, कारण मराठीत परिभाषेचा विषय निघाला की आपण सगळे तावातावाने बोलतो. एक संज्ञा ठरवायला दहा दिवस, महिना घुटमळतो, असं येन फूने लिहिलंय. संवाक्याला त्याने ‘ल्येनचू’ म्हटलं, ओवलेले मोती. प्राचीन चिनी साहित्यातल्या एका अलंकृत प्रकाराचं ते नाव. शैली अभिजात, वाक्यं घोटीव. लियांगने १९०२ साली टीका केली, की हे सामान्य वाचकाला कळणार कसं? येन फूचं उत्तर, की मी पुष्कळ जुने ग्रंथ वाचलेल्या माणसासाठीच लिहितो. यात तुसडेपणा आहे हे खरं, पण हिशेबही आहे: ज्या वर्गाने देशाची आधारविधानं ठरवायची, त्याच्याच भाषेत त्या विधानांवर बोट ठेवायचं.

तरी त्याचे शब्द हरले. जपानात निशी आमानेने आणि त्याच्या पिढीने बनवलेले शब्द जिंकले, आणि त्याला कारण त्यांचं सोपेपण नव्हतं. हजारो चिनी विद्यार्थी जपानात शिकून परतले, १९०५ मध्ये जुनी परीक्षा बंद झाली, नव्या शाळांना घाईने पाठ्यपुस्तकं हवी होती आणि ती जपानीवरून भराभर होत होती. निगमन-विगमनासाठी आजचे चिनी शब्द त्याच टाकसाळीतले आहेत. आपल्याकडे परिभाषा संस्कृतप्रचुर म्हणून मेली असं म्हणतात. मला ते पटत नाही. ‘प्राध्यापक’, ‘महापौर’ हे शब्द काय ओव्यांतून आले? शब्दाच्या मागे वर्ग भरला, परीक्षा आली, नोकरी आली की तो जिभेवर बसतो. मराठीत अभियांत्रिकी शिकवण्याच्या घोषणा होतात तेव्हा मला शब्दकोशाची काळजी वाटत नाही. त्या विद्यार्थ्याची मराठीत मुलाखत कोण घेणार, याची वाटते.

आणि येन फूचा एक शब्द मात्र उरला. मिलच्या भाषांतरात ‘लॉजिक’ या मूळ युरोपीय शब्दाचा उच्चार दाखवण्यापुरती त्याने दोन अक्षरं वापरली होती: ‘लुओजी’. त्याची स्वतःची पसंती ‘मिंगश्वे’ला, नामविद्येला. आज चीनमध्ये भांडताना लोक एकमेकांना तुझा लुओजी चुकतोय असं म्हणतात. मिंगश्वे जुन्या पुस्तकांत राहिलं.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप हू शी या चिनी विचारवंताकडे आहे. कोलंबिया विद्यापीठासाठी १९१७ साली लिहिलेल्या प्रबंधात त्याने प्राचीन चीनमधल्या तर्कपद्धतीचा शोध घेतला आणि सरळ सांगितलं, की नवी विचारपद्धती परकी आणि लादलेली वाटली तर समाज ती अंगी लावून घेणार नाही. कन्फ्यूशियसेतर जुन्या पंथांतच तिच्यासाठी सुपीक माती आहे. हे मला मान्य आहे. हरलेल्या समाजाला विद्यार्थी म्हणून बसायला सांगायचं तर त्याच्या आजोबांचं नाव घ्यावं लागतं. माझी तक्रार त्यापुढच्या मुक्कामाची आहे. आजोबांचं नाव निघालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि वर्ग तिथेच सुटला. मोत्झकडे तर्कशास्त्र होतं हे सिद्ध करणारं लिखाण वाढत गेलं. ‘छी’ म्हणजे नेमकं काय, हे विचारणारं त्या मानाने फार थोडं.

१९०८ च्या त्या पुस्तकाकडे परत येतो. ते लिहून झालं ते ल्यू बीछंग या तरुण विद्यार्थिनीमुळे. तिने ही विद्या शिकवा म्हणून येन फूकडे हट्ट धरला, म्हणून तो रोज थोडा जेव्हन्स भाषांतरून तिला समजावत गेला आणि दोन महिन्यांत पुस्तक झालं. प्रस्तावनेत तो सांगतो, की मिलचा उरलेला अर्धा भाग पुरा करायचं मनात होतं, पण कामांची घाई, आणि आता म्हातारपणी डोकं चालवायची धास्ती वाटते. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. मिलचा तो भाग त्याने कधीच केला नाही. त्या न झालेल्या अर्ध्यात, पाचव्या पुस्तकात, माणसं विचार करताना कुठे कुठे चुकतात त्याची यादी आहे.